एकटी आलीस का?

पासपोर्टच्या चौकशीसाठी पोलीस जमादार मेडशीला आमच्या घरी आले, तेव्हा बाबा ओट्यावर बसून तुरीच्या पोत्यांची तोंडं शिवत होते. जमादारांनी माझी जन्मतारीख पडताळली आणि कागदावरून मान वर न करता विचारलं, "नवऱ्याकडं चालली काय?"

"लग्न नाही झालं," मी म्हणाले.

"मंग नोकरी लागली तिकडं?"

"नाही. फिरायले चालली. श्रीलंकेले."

आता त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग बाबांकडे वळून म्हणाले, "एकटी?"

बाबांनी दाभणात सुतळी ओवत सांगितलं, "तिलेच इचारा. आमाले कोन इचारते?"

तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते. वाशिमच्या एका खासगी लॅबमध्ये रक्त काढायचं काम करत होते. दिवसभर लोकांच्या दंडाला रबर बांधायचं, शीर शोधायची आणि "झालं झालं, आता काही नाही" असं म्हणत राहायचं. दुसऱ्यांची भीती घालवण्यात माझा हात चांगला होता. स्वतः मात्र मी नागपूरच्या पुढे कधी एकटी गेले नव्हते.

लंकेचं वेड जुनं होतं. मी आठवी-नववीत असताना आमच्या विहारात एक भंते पावसाळ्याचे तीन महिने वर्षावासाला राहिले होते. त्यांनी एकदा सांगितलं की, एका सम्राटाची मुलगी बोधिवृक्षाची फांदी घेऊन जहाजानं समुद्रापार गेली आणि ते झाड तिथे अजून उभं आहे. सगळे झाडाबद्दल विचारत होते. मी विचारलं, तिला भीती नाही वाटली का? भंते म्हणाले, "वाटली असेल. पुस्तकात लिहिलेलं नाही." तेवढ्यानं माझं समाधान झालं नाही. नंतर पगार सुरू झाला, रजा साठली, आणि इतकी वर्षं मनात असलेली गोष्ट मी एका दुपारी आईला बोलून टाकली.

आई अंगणवाडीत मदतनीस आहे. ती म्हणाली, "जाय." बाबा मात्र चार महिने त्या विषयावर माझ्याशी बोललेच नाहीत. निघायच्या दिवशी त्यांनी मला मोटरसायकलवर जऊळक्याच्या स्टेशनवर आणलं. तिथून पॅसेंजरनं वाशिम, मग हैदराबाद आणि पुढे विमान, असा माझा रस्ता होता. गाडी दिसायला लागली तसे बाबा म्हणाले, "एक आयक. कोनी बी इचारलं, तं एकटी हाव म्हून सांगू नको. घरची मानसं मांगून येऊन राह्यली म्हनजो."

"बरं, बाबा."

हा सल्ला मी फारच मनावर घेतला. कोलंबोच्या विमानतळावर सकाळी रांगेत माझा नंबर आला. काचेमागच्या अधिकाऱ्यानं पासपोर्ट चाळत इंग्रजीत विचारलं, "एकट्याच आलात?"

"नाही," मी म्हणाले. "घरचे आहेत सोबत."

"कुठे आहेत?"

मी मागे वळून पाहिलं, जणू खरंच कुणीतरी उभं असणार. मागे पाठीवर भली मोठी बॅग घेतलेला एक उंच गोरा माणूस होता. अधिकाऱ्यानं त्याला विचारलं, "ह्या तुमच्यासोबत आहेत का?" तो बिचारा घाबरून दोन पावलं मागे सरकला.

मला बाजूच्या टेबलाशी बसवलं. तिकीट एकाचं, खोलीचं बुकिंग एकाचं, आणि मी सांगते घरचे सोबत आहेत! माझ्या आईच्या वयाची एक अधिकारी बाई आली. तिनं सगळे कागद पाहिले आणि शांतपणे विचारलं, "खोटं का बोललीस?"

मला खरं सोडून दुसरं काही सुचेना. "वडलांनी सांगितलं होतं. एकटी आहे असं कुणाला सांगू नको म्हणाले."

ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसायला लागली. इतकी, की काचेमागचा तो अधिकारीही मान वळवून बघू लागला. "वडील शेतकरी आहेत का?" तिनं विचारलं. मी हो म्हटल्यावर म्हणाली, "माझेही होते. मी पहिल्यांदा कोलंबोला नोकरीला आले तेव्हा त्यांनी मला हेच सांगितलं होतं." तिनं पासपोर्टवर शिक्का मारून आणला. हातात देताना म्हणाली, "रिक्षावाल्याला सांगू नकोस. पण बसमध्ये बायकांच्या शेजारी बैस आणि त्यांना खुशाल सांग. मग तू एकटी राहणार नाहीस."

अनुराधपूरच्या बसमध्ये चढले आणि ड्रायव्हरच्या मागची मोकळी सीट पाहून तिथेच बसले. चांगली खिडकीची जागा होती. गाडी भरत गेली, लोक उभे राहिले, तरी माझ्या शेजारी कुणी बसेना. मला वाटलं, मी परकी म्हणून. शेजारी कुणी न बसण्याच्या गोष्टी मी आजीकडून पुष्कळ ऐकलेल्या होत्या. तेवढ्यात कंडक्टरनं वरच्या पाटीकडे बोट दाखवलं. अक्षरं मला वाचता येत नव्हती, पण पाटीवर चीवर घातलेल्या भिक्खूचं चित्र होतं. ती जागा भंतेंसाठी राखीव होती! मी धडपडत उठले. मागच्या बाकावरच्या एका म्हातारीनं वांग्यांची पिशवी मांडीवर घेतली आणि हातानं बाक थोपटून मला बोलावलं.

तिला इंग्रजी येत नव्हतं. एक बोट वर करून तिनं विचारलं, "तनियम?"

अर्थ कळायला कोश लागला नाही. मी मान हलवली. एकटीच.

म्हातारीनं ती बातमी पुढच्या बाकाला दिली, पुढच्या बाकानं कंडक्टरला. नंतरचे पाच तास मी त्या बसची पाहुणी होते. कुणी केळं दिलं, कुणी खिडकीचा पडदा ओढून दिला. कंडक्टरनं माझ्या कागदावरचा नंबर पाहून मुक्कामाच्या घरी फोन केला. अनुराधपूरला उतरले तेव्हा घरमालकीण स्कूटर घेऊन हजर होती. म्हातारीनं मला तिच्या ताब्यात दिल्याशिवाय वांग्यांची पिशवी खांद्याला लावली नाही.

एवढं सगळं चांगलं झालं, आणि खोलीत जाऊन दार लावल्याबरोबर मला रडू कोसळलं. खोली स्वच्छ होती, पांढरी मच्छरदाणी होती, बाहेर संध्याकाळचं ऊन होतं. रडण्यासारखं काहीच नव्हतं. पण भिंतीपलीकडे बोलत होते त्यातला एक शब्द कळत नव्हता, आणि अजून सात दिवस असंच जाणार होते. मी आईला फोन लावला.

"पोचली काय?"

"हो."

"रडून राह्यली काय?"

"नाही."

"मंग नाक कायले वढून राह्यली?"

मग मी सांगून टाकलं. म्हटलं, मला परत यायचंय, उद्याचंच तिकीट पाहते. आईनं समजूत घातली नाही, रागावलीही नाही. "ये नं," ती म्हणाली. "घर तुहंच हाय. पन सकाळून काही खाल्लं काय?"

"एक केळं."

"मंग आंधी जेव. उपाशी पोटी ठरवू नोको बाप्पा काहीच. उद्या जेवल्यावर ठरवजो अन मले सांगजो."

दारावर टकटक झाली. घरमालकीण ताट घेऊन उभी होती. वाफाळत्या ढिगाकडे बोट दाखवून म्हणाली, "बत्." आपला भातच! सोबत नारळाच्या दुधातलं वरण आणि ओल्या खोबऱ्याची लालभडक चटणी. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पुन्हा पाणी आलं, पण ते तिखटानं. वऱ्हाडच्या पोरीला तिखट लागलं, हे मी गावात अजून कुणाला सांगितलेलं नाही. घरमालकीण माझ्या पाठीवर हात फिरवत "दुव, दुव" म्हणत होती. दुव म्हणजे मुलगी, हे मला सकाळी कळलं.

सकाळी मी पांढरा ड्रेस घातला आणि त्या झाडाकडे गेले. झाड उंच चौथऱ्यावर आहे, भोवती कठडा, फांद्यांना सोनेरी टेकू दिलेले. खाली वाळूत पांढऱ्या कपड्यातल्या बायका बसल्या होत्या. मी कडेला बसले. थोड्या वेळानं त्यांनी वंदना सुरू केली, आणि माझे ओठ आपोआप हलायला लागले. त्रिसरण, पंचशील, सगळं तेच, आमच्या विहारात दर पौर्णिमेला म्हणतो ते. चाल तेवढी वेगळी. आम्ही झपझप म्हणतो, त्या एकेक शब्द लांबवत होत्या. मी दोन ओळी पुढे निघून गेले. शेजारच्या, चष्मा लावलेल्या आजीबाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि मला हळू केलं.

वंदना संपल्यावर त्या इंग्रजीत बोलल्या. निवृत्त शिक्षिका होत्या. भारतातून आले म्हटल्यावर त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "बुद्धगयेपासून तुझं घर किती लांब?"

"खूप लांब. मी कधी गेले नाही."

"कधीच नाही?"

"आमच्या घरातलं कुणीच नाही."

मला वाटलं, आता त्यांची निराशा होणार. पण त्यांनी तिथल्या झाडाचं, कमळाच्या तळ्याचं, पहाटेच्या थंडीचं वर्णन सुरू केलं. आपल्या गावच्या बायकांसोबत त्या जाऊन आल्या होत्या. बिहारमधल्या रेल्वे स्टेशनवरचा चहा कसा लागतो, हे मला लंकेतल्या एका बाईनं सांगितलं.

मग त्यांनी विचारलं, "तुम्ही लोक पहिल्यापासून बौद्ध?"

"आजोबांपासून. छप्पन सालापासून."

"त्याआधी?"

मला इंग्रजी शब्द जुळवावे लागले. म्हणाले, "त्याआधी आमच्या लोकांना गावच्या विहिरीला हात लावू देत नव्हते. म्हणून आजोबांनी जुना धर्म सोडला. ते नागपूरला पायी गेले होते." हे मी कधी कुणाला असं सलग सांगितलं नव्हतं. गावात सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे कुणी सांगत नाही. आणि बाहेर मी ते टाळायचे.

आजीबाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. "मी बौद्ध घरात जन्मले एवढंच," त्या म्हणाल्या. "मला काही चालावं लागलं नाही." मग हातातल्या फुलांतली अर्धी माझ्या ओंजळीत घालून म्हणाल्या, "ही तुझ्या आजोबांच्या नावानं वाहा."

मी वाहिली. आजोबा गेले तेव्हा मी लहान होते, पण त्या दिवशी ते मला फार जवळचे वाटले.

दुपारी जेवून आईला फोन केला. "ठरवलं काय?" तिनं विचारलं.

"राहते."

"बरं," ती म्हणाली. "मले ढोराले पानी पाजाचं हाय, ठेवतो." आणि तिनं फोन ठेवून दिला.

तिसऱ्या दिवशी घरमालकिणीची सायकल घेऊन निघाले. शाळा सुटल्यापासून सायकलवर बसले नव्हते. पहिल्या वळणावर एका कुंपणात शिरले आणि गुडघा सोलून घेतला. तलावाच्या कडेनं मातीचा रस्ता होता आणि पलीकडे भाताची कापणी चालली होती. चार बायका विळ्यानं कापत होत्या. मी थांबून पाहत राहिले. आमच्याकडे सोयाबीन आणि तूर. भात कापताना मी कधी पाहिला नव्हता. त्यांतल्या एकीनं हाक मारली आणि विळा पुढे केला. गंमत म्हणून असेल. मी चपला बांधावर काढल्या, ओढणी कमरेला खोचली आणि वाकले.

पहिली मूठ वेडीवाकडी कापली गेली. दुसरी जरा बरी. चौथ्या-पाचव्या मुठीला हाताला सोयाबीन आठवलं आणि विळा सरळ चालायला लागला. बायका आपसांत काहीतरी बोलल्या आणि माझ्याकडे पाहून माना डोलवल्या. मग बांधावर बसून आम्ही कोरा चहा प्यायलो. साखर चहात नव्हती. ताडाच्या गुळाचा खडा दाताखाली धरायचा आणि वर घोट घ्यायचा. मी पहिला खडा चावून संपवून टाकला. त्या हसल्या आणि एकीनं मला दुसरा खडा दिला. या वेळी मी तो जिभेवर ठेवला, आणि कप संपेपर्यंत पुरवला.