गाव येताना

"एक गाव कमी करा," असं म्हणून चीफ नकाशावरचं बोट उचलायचे आणि टेबलाच्या कडेला पुसायचे, जणू त्या गावाची शाई बोटाला लागली होती.

सिंगापूरला, चोआ चू कांगमध्ये, आमच्या ब्लॉकखाली एक कोपीटियाम, म्हणजे कॉफीचं दुकान आहे. रविवारी सकाळी तिथल्या कोपऱ्यातल्या टेबलावर फ्रान्सचा नकाशा पसरलेला असायचा आणि पंख्याने उडू नये म्हणून त्याच्या कोपऱ्यांवर कॉफीचे कप ठेवलेले असायचे. आम्ही दोन जोडपी, चीफ आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या ताई, मी आणि माझी बायको, भाड्याची गाडी घेऊन तिकडच्या खेड्यांतून निवांत फिरणार होतो. मी इंटरनेट खणून अकरा गावं काढली होती. दर रविवारी त्यातलं एखादं गळायचं.

त्यांना सगळे चीफ म्हणायचे. आधी बोटीवर चीफ इंजिनियर, मग जहाजांची देखभाल करणाऱ्या कंपनीत किनाऱ्यावरची नोकरी. बोट सुटली तरी 'चीफ' सुटलं नाही. मी तुआसच्या कारखान्यांच्या भागात जहाजांचे सुटे भाग विकतो, त्यामुळे ते माझं गिऱ्हाईक. आमच्या शेजारच्याच ब्लॉकमध्ये राहतात हे बऱ्याच नंतर कळलं.

भाव करण्यात मला हरवणारा हा एकच माणूस. तेही न बोलता. मी आकडा सांगायचो, ते खिडकीबाहेर बघत बसायचे. नाही म्हणायचे नाहीत, हो म्हणायचे नाहीत. शेवटी ती शांतता सहन न होऊन मीच खाली यायचो. धंदा मी एका टेबलावरून उभा केलाय, चांगल्या चांगल्यांना घाम फोडलाय, पण गप्प माणसाशी कसं भांडायचं ते कुणी शिकवलं नव्हतं.

गावांच्या बाबतीतही तेच झालं.

"चीफ, इतक्या लांब जायचं आणि चारच गावं?"

"तीन."

"आत्ता तर चार होती."

"ते चौथं हायवेला लागून आहे, शेठ. भस्सकन येतं."

'शेठ' ते मला चिडवायला म्हणायचे. आणि 'भस्सकन येतं' म्हणजे काय, हे मला बरेच रविवार कळेना. तुम्हीही असा माणूस कधी पाहिला असेल, जो आपली अट सांगतो पण कारण सांगत नाही. मला कारण हवं असतं. कारण कळलं की तडजोड करता येते.

कारण शेवटी ताईंनी सांगितलं. "यांचं फ्रान्स म्हणजे बंदरातल्या दोन क्रेन आणि एक गेट," त्या हसत म्हणाल्या. मग चीफ स्वतः बोलले. जहाज बंदरात शिरताना आणि बंदर सोडताना चीफ इंजिनियरची जागा खाली असते, इंजिन कंट्रोल रूममध्ये. वरची माणसं दीपगृह बघतात, मग डोंगर, मग घरं. खाली चीफ तापमान आणि दाबाचे काटे बघत असतो.

"मला कुठलंच गाव येताना दिसलं नाही," ते म्हणाले. "मी वर यायचो तेव्हा ते आलेलं असायचं."

म्हणून गावं कमी आणि रस्ते लांबचे. दुरून चर्चचा मनोरा दिसावा, वळणावर तो लपावा, मग परत निघावा, मग छपरं, मग नावाची पाटी. हे सगळं त्यांना बाजूच्या सीटवर बसून बघायचं होतं. चालवणारा रस्ता बघतो, गाव बघत नाही, हे त्यांचं म्हणणं. चालवायचं काम माझ्याकडे आलं आणि मी ते आनंदाने घेतलं. एवढ्या वर्षांत मी बायकोला घेऊन कामाशिवाय कुठेही गेलेलो नाही. या सहलीवर माझा फार जीव होता, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

मी झपाट्याने कामाला लागलो. गाडी भाड्याने देणाऱ्या माणसाशी फोनवर तासभर हुज्जत घालून ऑटोमॅटिक गाडी साध्या गिअरच्या भाड्यात मिळवली. नदीकाठच्या खोल्या मिळवल्या, त्यात ताईंसाठी चहाची किटली मिळवली. त्या घरमालकिणीला इंग्रजी येत नव्हतं आणि मला फ्रेंच, तरी मिळवली.

मग चीफ म्हणाले, सराव करू. फ्रान्सला गाडी उजव्या बाजूने चालवायची हे मला माहीत होतं, पण त्यांना त्याची काळजी नव्हती. त्यांना वेगाची काळजी होती. माझ्या दुकानाच्या व्हॅनमधून आम्ही चौघं लिम चू कांगच्या शेतांकडे निघालो. सिंगापूरमध्ये खेडं कुठून आणणार? चीफनी एका कोंबड्यांच्या फार्मला खेडं मानलं.

"हाफ अहेड," ते म्हणाले. थोडं पुढे गेल्यावर, "स्लो." आणि फार्मचं पत्र्याचं छप्पर झाडांमागून दिसू लागताच, "डेड स्लो."

जहाजावर वेगाचे हे हुकूम वरून यायचे आणि ते खाली पाळायचे. आता हुकूम ते देत होते आणि पाळत होतो मी. मागून एका लॉरीने हॉर्न वाजवला. मग परत वाजवला. तिसऱ्यांदा वाजवल्यावर मी व्हॅन कडेला घेतली, उतरलो आणि त्या ड्रायव्हरला सिंगापूरचा रस्ता कुणाच्या बापाचा आहे ते नीट समजावून सांगितलं. परत आलो तेव्हा चीफ फार्मकडे बघत होते.

"आलं?" मी विचारलं.

"येत होतं," ते म्हणाले.

बायको मागून म्हणाली, "तुम्ही ब्रेक लावत नाही, ब्रेकवर राग काढता." ताई खिडकीकडे तोंड करून हसल्या.

पुढच्या रविवारी तसंच काहीसं, फक्त लॉरीऐवजी टॅक्सी. त्याच्या पुढच्या रविवारी चीफ व्हॅनपाशी उभे राहून म्हणाले, "आज जरा वहिनींना चालवू द्या."

धंद्याच्या सुरुवातीला ड्रायव्हर परवडत नव्हता तेव्हा माझी बायकोच व्हॅन चालवायची, हे खरं आहे. ती निघाली, आणि मागून कुणी हॉर्न वाजवला की हात बाहेर काढून त्याला पुढे जायला सांगू लागली. 'डेड स्लो' म्हणायची वेळच आली नाही. फार्म आधी वासाने आलं, मग छपराने, मग कोंबड्यांच्या कलकलाटाने. चीफ दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते.

"शेठ," उतरल्यावर ते म्हणाले, "तुम्ही गावात वसुलीला गेल्यासारखे शिरता. फ्रान्सला वहिनी चालवतील. तुम्ही मागे बसा, मस्त खिडकी आहे."

आता तुम्हीच सांगा. गाडी मी मिळवली, खोल्या मी मिळवल्या, किटली मी मिळवली, आणि मी मागे बसायचं? मी सांगितलं, माझं एक जहाज येतंय, मला जमणार नाही. जहाज तर रोजच कुठलं ना कुठलं येत असतं. चीफ नेहमीसारखे गप्प राहिले. त्या वेळी मात्र मी खाली आलो नाही. तिघं गेली.

आता चीफ आणि ताई कायमचे पुण्याला राहायला गेलेत. कोपऱ्यातल्या टेबलावर दुसरी माणसं बसतात. कॉफीवाली आंटी मला अजून विचारते, "युअर फ्रेंड नेव्हर कम बॅक आह?" मी मान हलवतो. ते मागे बसायला सांगणं मी विसरलेलो नाही, आणि विसरणारही नाही.

फ्रान्समधून त्यांचा एकच फोन आला होता. मी गोदामात होतो, दुपार कलली होती, समोर एक एजंट भाव पाडायला बसला होता. व्हिडिओ कॉल.

"शेठ, बघा. येतंय."

गाव मला दाखवायचं होतं, पण स्क्रीनवर त्यांचाच चेहरा होता. कॅमेरा उलट्या बाजूचा चालू होता. "फिरवा तो," असं सांगायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांची हनुवटी हळूच वर गेली. मनोरा असावा. मग कपाळाला आठी पडली, कदाचित वळणावर तो लपला. आठी गेली. डोळे खाली उतरले, एका बाजूला सरकू लागले. छपरं, किंवा नदीही असेल. बायकोचा आवाज आला, "अजून हळू घेऊ का, चीफ?"

एजंट काहीतरी आकडा म्हणाला. मी त्याला हाताने थांबवलं आणि ते गाव पूर्ण येईपर्यंत फोन धरून तसाच उभा राहिलो.