आत्यानी पाण्यात पाय सोडले

माझी सासू कुणाच्या पण घरी गेली की चपला काढायच्या आधी विचारायची, "पाणी कुठवर येतं?" आमच्या महाडात असं विचारलं तर माणसं भिंतीला हात लावून दाखवतात, पूर इथवर आलेला म्हणून. पण ती पनवेलला वरच्या मजल्यावर राहणाऱ्या पाहुण्यांना पण तेच विचारायची. मग खांब ठोकून बघायची, मोरीचं पाणी कुठं जातं ते वाकून बघायची. आळीत सगळे तिला इंजिनेर आत्या म्हणायचे. मी नुसती आत्या म्हणायची.

मला बघायला आली तेव्हा पहिलं काय बोलली तर, "ओटीची पायरी लय उंच केलाव, म्हातारं माणूस पडेल." माझा बाप म्हणाला, "पोरगी बघायला आलाव का घर?" तर म्हणते, "पोरगी चांगलीच हाय, तिच्यात काय सांगायचं नाय. घराचं सांगते."

पूर आला तेव्हा माझी पोर अंगावर पिती होती. शेजारच्या गच्चीवर चढलो म्हणून वाचलो सगळी, पण ते पाणी माझ्या डोक्यातून जाईना. मी पोरीला घेऊन माहेरी आले, उमरठकडं, डोंगरात, आणि परत काय गेलेच नाय. मालक चिपळूणला कामाला, सुट्टीला यायचे नि चिडायचे. आई म्हणायची, संसार मोडशील गो. मला वाटायचं मोडला तर मोडला, पोर जगू दे.

आत्या एस्टीनं यायची. एकदा पण "कधी येतेस" असं बोलली नाय. पोरीला खेळवायची, ओटीच्या पायरीला परत नावं ठेवायची नि शेवटच्या गाडीनं जायची. एकदा म्हणाली, "चल गो, मुंबईला जाऊ. बाबू काम करतो ती बिल्डिंग बघायची हाय." बाबू म्हणजे माझा दीर, चित्रांच्या संग्रहालयात वॉचमन. आत नव्या तऱ्हेची चित्रं, पण बाबू सांगायचा की लोक लांबून लांबून बिल्डिंगच बघायला येतात.

आत गेलो तर एवढं मोठं दालन नि मधी एक खांब नाय. पांढरी भिंत वाकत वाकत वर गेलेली, शंखात शिरल्यासारखं वाटत होतं. जिना नाय, नुसता चढ, चढत गेलं की चित्रं लागतात. मी पोरीला कवटाळून धरलेली, ही रडली तर, हिनी काय पाडलं तर. आत्या मान वर करून जोरात, "बाबू, हे उभं कशावर हाय रे?"

"आई, हळू बोल."

एका चित्रात नुसता निळा रंग, बाकी कायच नाय. आत्या बराच वेळ बघत राहिली. बाबूनी विचारलं, आवडलं का. म्हणाली, "रंग एकसारखा लावलाय. पण ह्या भिंतीला ओल येईल, सांगून ठेव."

खाली उतरलो तर मागं चौक, आणि चौकात पाणी. मुद्दाम ठेवलेलं. फरशी कुठं संपते नि पाणी कुठं चालू होतं कळत नाय, काठ नाय, कठडा नाय. मी भिंतीला पाठ लावली, पोरीला एवढी आवळली की ती कळवळली. बाजूला माणसं हसत हसत फोटो काढत होती.

आत्यानी माझ्याकडं बघितलं. मग गेली, साडी पोटरीवर घेतली नि फरशीवर बसून दोन्ही पाय पाण्यात सोडले.

"आई! पाय काढ, माझी नोकरी जाईल!"

"थांब रे, खोल किती ते बघते." पाणी घोट्याला पण लागलं नाय.

मला ये म्हणाली नाय. पाण्याकडं बघतच बोलली, "मला लय भ्या वाटतं गो. पाऊस लागला की मी घरात निजत नाय. शेजाऱ्यांच्या जिन्यावर जाऊन बसते. त्यांना सांगते, घरात उकडतं."

मला तोवर वाटायचं, ही सगळीकडं पाणी विचारते ती हुशारीनं.

"मग मला का नाय सांगितलंस?"

"तू आणखी भ्याली असतीस." मग म्हणाली, "खोटं कशाला बोलू, मला सोबत पायजे. पण घराला वर खोली झाल्याबिगर पोरीला आणू नको."

"मी आले तर होईल ना खोली. तू एकटी काय विटा उचलणार?"

बाबूचा साहेब येताना दिसला तेव्हा तिनी पाय काढले नि पदरानी फरशी कोरडी केली.

मी महाडला परत गेले नि खोली झाली. आत्यानी गवंड्याशी रोज भांडून केली. तिथं ती पावसात गाढ झोपायला लागली, घोरायची सुद्धा. मागच्या माघात गेली, तशीच झोपेत.

ह्या वर्षी पाऊस लागला तेव्हा आळीतली एक नवीन सून बाळाला घेऊन माझ्या दारात उभी, तोंड उतरलेलं. तिच्या घरात सगळे तिला भित्री म्हणून हसत होते. मी तिला वर नेली, चटई टाकली. ती म्हणाली, "वहिनी, तुम्हाला नाय वाटत भ्या?"

मी नाय म्हणणार होते.

"लय वाटतं गो," म्हटलं. "बस. चहा टाकते."