मिस्त्रींचे डोळे

परवा चष्मेवाल्यानं माझ्या जुन्या फ्रेमच्या स्क्रूवर तेलाचा थेंब सोडला आणि त्या वासासरशी मला बीडजवळच्या कारखान्यातलं वर्कशॉप आठवलं. आयटीआय करून मी तिथं शिकाऊ म्हणून लागलो होतो, वडवणीहून रोज एसटीनं यायचो. लेथवरचे म्हातारे मिस्त्री सकाळी आधी जाडी मोजायच्या मायक्रोमीटरचा झिरो, म्हणजे तो मिटल्यावर शून्य दाखवतो का, हे तपासायचे आणि मगच कामाला हात लावायचे. एका दुपारी ते जेवायला गेले असताना तो मायक्रोमीटर माझ्या हातून फरशीवर पडला. मी उचलून डबीत ठेवला आणि गप्प बसलो. जेवून आल्यावर त्यांनी त्याच मायक्रोमीटरनं मापून चार शाफ्ट कातले, चारही मापापेक्षा बारीक निघाले; पडल्यानं झिरो सरकला होता. फोरमन सगळ्यांसमोर ओरडला, "मिस्त्री, दिसत न्हाई तर घरी बसा की!" मिस्त्री नुसते लोखंडाच्या चुऱ्याकडे बघत राहिले. मी तेव्हाही बोललो नाही. उलट संध्याकाळी ते हातपाय धुवायला गेल्यावर मी गुपचूप लहान पान्यानं झिरो जुळवून ठेवला. सकाळी त्यांनी तपासला तर मायक्रोमीटर बरोबर, म्हणजे दोष आपल्या डोळ्यांचाच, असं त्यांनी धरलं. आठवड्यानं ते जाड भिंगांचा चष्मा लावून आले आणि मायक्रोमीटर माझ्या हातात देत म्हणाले, "आता माप तूच घेत जा, पोरा. माझ्या डोळ्यांचा लई भरवसा न्हाई राहिला. तुझा हाय." इकडे चष्मेवाला विचारत होता, तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता येते का. ओळ लख्ख दिसत होती, पण माझ्या तोंडातून शब्द फुटेना, तेव्हासारखाच.