संत्र्याच्या डब्याचं दार

माझ्या वॅगनी लोक उभ्याने बघायचे आणि त्या सुताराच्या वाकून. माझं सगळं दुखणं एवढंच होतं.

माझं मॉडेल टेबलावर ठेवलं की माणसं समोर यायची, "वा, छान," म्हणायची आणि पुढे सरकायची. त्याचं ठेवलं की आधी एक जण गुडघ्यांवर हात टेकून खालून बघायचा, मग दुसरा, मग कोणीतरी सरळ फरशीवर बसून चाकांच्या मागे डोकावायचा. "अबे, स्प्रिंगच्या पट्ट्या पण लावल्या!" असं ओरडणं ऐकू आलं की मी माझी वॅगन उगीच फडक्याने पुसायचो. स्प्रिंगच्या पट्ट्या माझ्याही वॅगनीला होत्या. कोणी वाकलं असतं तर दिसल्या असत्या.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी नागपूरला रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो. तो डबे दुरुस्तीच्या शेडमध्ये सुतार. मी महाल या जुन्या वस्तीतला, आमच्या घराण्यात चार पिढ्या लेखणी चालवणारे, आणि ते मी कोणालाही दोन मिनिटांत सांगून टाकायचो. तो कळमेश्वरकडचा, शेतकरी घरातला. भाऊ शेती करायचे, हा रेल्वेत लागला. माझ्याकडे डिप्लोमा, त्याची शाळा सातवीत सुटलेली. तो इंजिनिअर असता तर मी त्याचं कौतुक केलं असतं, हे मला तेव्हाही कळत होतं. कळून काही फरक पडत नव्हता.

त्या काळात जुन्या कंपन्यांच्या वेळचे लाकडी मालडबे एकेक करून कंडम होत होते. अजनी यार्डाच्या कडेच्या रुळांवर ते गवतात उभे असायचे. अंगावर पांढऱ्या रंगाची फुली पडली की महिन्याभरात लोखंड भंगारात आणि लाकूड सरपणात. मला ते बघवेना. मग त्यांचे नकाशे रेकॉर्डमधून काढायचे आणि फुटाला अर्धा इंच या मापाने छोटे डबे बनवायचे, असा नाद मी लावून घेतला. चहाच्या खोक्यांची प्लाय, तेलाच्या डब्याचा पत्रा, रिव्हेटच्या जागी टाचणीची डोकी. टाचण्या मी मोजून लावायचो. नकाशात एका बाजूला एकशेबारा रिव्हेट असतील तर माझ्याकडेही एकशेबाराच असायचे.

रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये दर वर्षी थंडीत कर्मचाऱ्यांच्या हस्तकलेचं प्रदर्शन भरायचं. सलग तीन वर्षं पहिला नंबर माझा. खरं सांगायचं तर समोर होतं कोण? क्रोशाचे टेबलक्लॉथ आणि काडेपेटीच्या काड्यांचा ताजमहाल. पण पहिला तो पहिला. चौथ्या वर्षी या सुताराने कोळशाची एक वॅगन आणून ठेवली आणि लोक वाकायला लागले. नंबर त्या वर्षीही मलाच मिळाला, दुसरा त्याला. तरी घरी येताना बायको म्हणाली, "अहो, त्यांची वॅगन किती खरी वाटते हो! आत्ता कोळसा सांडेल की काय असं वाटलं. तुम्ही जरा विचारा ना त्यांना, कसं करतात ते."

मी दोन दिवस तिच्याशी धड बोललो नाही. ती विचारत राहिली, जेवणात मीठ जास्त झालं का.

पुढच्या वर्षी दोघांनीही नेमका एकच डबा निवडला. यार्डात संत्र्याचा एक जुना डबा उभा होता, त्या जातीचा शेवटचाच. सागवानी अंग, हवा खेळावी म्हणून दोन्ही बाजूंना झिलमिलीच्या आडव्या तिरप्या पट्ट्या, मधोमध सरकतं दार. याच डब्यांतून आमच्याकडची संत्री कलकत्त्यापर्यंत गेली. त्याच्यावरही फुली पडली होती. मी नकाशा काढून कामाला लागलो, आणि आठ दिवसांत तो सुतार ऑफिसच्या दारात उभा.

"भाऊ, संत्र्याच्या डब्याचा नकाशा मिळन का? फोरमनसाहेबाले विचारलं, ते म्हणाले तुम्हीच द्यान."

"तू यार्डात जाऊन मोजत नाहीस का?"

"मोजतो ना. पण मोजणं येगळं अन् नकाशा येगळा. तुमचा कागद हाती असला म्हणजे मले भेव नाही."

हे तो इतकं सरळ बोलला की मला अधिकच राग आला. वर त्याने सांगितलं की, त्याच डब्याची एक फुटकी फळी फोरमनला विचारून त्याने घेतली आहे आणि तिच्याच लाकडातून तो मॉडेल करतोय. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. हे मला का सुचलं नाही? सुचलं असतं तरी मला ते साग इतकं पातळ चिरता आलं नसतं, हेही लगेच मनात आलं.

ट्रेसिंगचं काम खरं तर ट्रेसरचं. मी म्हटलं, मीच करतो. दुपारच्या सुट्टीत सगळे जेवायला गेल्यावर मूळ नकाशावर ट्रेसिंग पेपर पसरला आणि डबा खायचा सोडून काम सुरू केलं. चौकट काढली, चाकं काढली, झिलमिलीची एकूण एक पट्टी काढली. दाराशी आलो. मूळ नकाशात दाराची रुंदी पाच फूट होती. मी दोन्ही बाजूंच्या रेघा तीन-तीन इंच आत घेतल्या आणि वर आकडा घातला साडेचार फूट.

बऱ्याच दिवसांनी इतक्या सफाईने आकडा काढला होता. मॉडेलमध्ये फरक पडणार होता पाव इंचाचा. कोणाच्या लक्षात येणार? पण माझ्या लक्षात असणार होतं. लोक खुशाल वाकोत, त्याच्या डब्याचं दार चुकीचं आहे हे मला माहीत असणार होतं, आणि मला तेवढं पुरे होतं.

दोन-तीन आठवड्यांनी तो परत आला. मला बघून ओशाळं हसला.

"भाऊ, एक गडबड होऊन राहिली. नकाशात दार साडेचार फूट आहे. मी मोजलं त पाच येते. तीनदा मोजलं. काल पुन्हा जाऊन आलो."

ही वेळ होती. "बघू, माझं चुकलं असेल," एवढं म्हणायचं होतं. मी म्हणालो, "टेप ढिली धरत असशील."

त्याने खिशातली टेप काढून ताणून पाहिली. मग मान डोलावली. "तसंच असन. नाहीतर डबाच फाकला असन. म्हातारी गाडी, अंग सुटलं असन तिचं." आणि स्वतःच्याच विनोदावर हसत गेला. नकाशा चुकेल हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. माझा कागद आणि त्याची टेप यांत त्याने माझा कागद खरा धरला. त्या संध्याकाळी सायकलवरून घरी येताना मला स्वतःची लाज वाटली; पण प्रदर्शनाच्या विचाराने ती महालापर्यंत पोचेस्तोवर विरून गेली.

प्रदर्शनाच्या दिवशी मी हॉलमध्ये शिरलो आणि त्याचं टेबल बघून थबकलो. सागाला तेलाचा नुसता हात दिलेला. झिलमिलीतून उजेड आत पडत होता. आणि दाराशी एका ओळीत, त्याच्या बायकोने बांबूच्या बारीक कामट्यांनी विणलेल्या सहा करंड्या. खऱ्या करंड्यांची मापं घेऊन, त्याच फुटाला अर्धा इंच हिशेबाने. आत गवत, गवतावर ज्वारीच्या दाण्यांएवढी मातीची रंगवलेली संत्री. आदल्या दिवशीच झाल्या, असं तो सगळ्यांना सांगत होता. माझी बायको तिथे वाकून उभी होती. माझा डबा समोरच्याच टेबलावर होता, पाच फुटांचं दार असलेला, अगदी बरोबर, आणि त्याच्यापुढे कोणी नव्हतं.

परीक्षक तिघे होते: दोन साहेब आणि एक चित्रकलेचे मास्तर. ते त्याच्या टेबलाशी पोचले तेव्हा गर्दीत एक म्हातारा हमाल होता. मालधक्क्यावर उभी हयात संत्री चढवली आणि आता घरी बसलेला, असं नंतर कळलं. तो मॉडेलकडे बघून नुसता खूश झाला होता. साहेबांची पर्वा न करता त्याने दोन बोटांत एक करंडी उचलली, दुसऱ्या हाताने दुसरी, आणि दोन्ही शेजारीशेजारी धरून दारातून आत सरकवायला गेला.

करंड्या दारात अडकल्या.

"काहून गा?" तो म्हणाला. "दार लहान काहून केलं? आम्ही दोघं जण जोडीनं दोन करंड्या घेऊन चढो. कधी घासल्या नाही."

सुताराने खिशातून टेप काढली. करंडी मोजली, दुसरी मोजली, दार मोजलं. मी समोरच्या टेबलाशी उभा होतो. त्याने मान वर करून फक्त "नकाशा" एवढा शब्द उच्चारला असता तरी सगळी डोकी माझ्याकडे वळली असती.

"चुकलं माझं," तो म्हातार्‍याला म्हणाला. "मोजण्यात गफलत झाली. तुमचं बरोबर आहे, बाबा."

साहेबांपैकी एक चुकचुकला. मास्तरांनी वहीत काहीतरी लिहिलं. मग ते माझ्या टेबलाशी आले, माझ्या दारातून त्याच दोन करंड्या सरकवून पाहिल्या, आणि त्या गेल्या. पहिला नंबर मला. दुसराही त्याला मिळाला नाही, तो टेबलक्लॉथला गेला. हात मिळवायला सगळ्यात आधी तोच आला, आणि त्याच्या चेहऱ्यावर खोटं काही नव्हतं. मी शोधलं, म्हणून सांगतो.

सोमवारी सकाळी तो ऑफिसात हजर. हातात मी दिलेली ट्रेसिंग, नीट घडी घातलेली.

"भाऊ, असली नकाशा काढा बरं जरा. त्याच्यातच चूक असन त दुरुस्त करून घ्या. नाहीतर उद्या दुसरा कोणी फसन."

मी म्हणालो, रेकॉर्डमध्ये शोधावा लागेल, वेळ लागेल. तो म्हणाला, "बसतो ना," आणि स्टुलावर बसला. मी रेकॉर्डच्या खोलीत जाऊन कपाटासमोर उभा राहिलो. गुंडाळी समोरच होती. सापडत नाही असं सांगावं, असं दहादा मनात आलं. पण माझं मॉडेल त्याच नकाशावरून झालं होतं, हे त्यालाही माहीत होतं. शेवटी ती गुंडाळी आणून मी टेबलावर पसरली.

त्याने आपली ट्रेसिंग तिच्यावर ठेवली आणि कोपरे जुळवले. रेघेवर रेघ बसली. चाकं चाकांवर, झिलमिलीच्या सगळ्या पट्ट्या पट्ट्यांवर, केसाचाही फरक नाही. फक्त दाराशी दोन्ही बाजूंना रेघा दुहेरी दिसत होत्या. ट्रेसिंगवरचा साडेचारचा आकडा, आणि खाली पुसट दिसणारा पाच.

त्याने आकड्यावर बोट ठेवलं. अंगठ्याचं नख कधीतरी हातोडी बसून काळं पडलं होतं, ते मी बघत राहिलो, कारण दुसरीकडे कुठे बघण्याची सोय नव्हती. सुतार माणूस. एक रेघ चुकून सरकते, पण दोन रेघा सारख्या आत आणि वर त्यांना जुळणारा आकडा, हे चुकून होत नाही, हे त्याला मी समजावून सांगायची गरज नव्हती.

मग त्याने ट्रेसिंगची पहिल्यासारखीच घडी घातली, माझ्या टेबलाचा खण उघडला, त्यात ती ठेवली आणि खण लावून टाकला.

"भाऊ," तो हळूच म्हणाला, "डोळे दाखवून घ्या एकदा. बारीक काम करता तुम्ही दिवसभर. नंबर लागला असन तुम्हाले."

"हो," मी म्हणालो. "हल्ली जरा धूसरच दिसतं."

तो गेला. शेडमध्ये त्याने कोणाला काही सांगितलं असतं तर एका दिवसात यार्डभर झालं असतं. काहीच झालं नाही. मला हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी मी आधीपेक्षा जास्त जळायला लागलो. आजवर त्याच्या हातांवर जळत होतो. ते निदान सरावाने येतं अशी समजूत घालता येत होती. आता त्या माणसावरच जळत होतो, आणि त्यावर कसलीच समजूत सापडत नव्हती. माझ्या जागी तो असता तर? त्याने असं केलंच नसतं. त्याच्या जागी मी असतो तर हॉलच्या मध्यभागी ट्रेसिंग फडकवली असती.

त्या शनिवारी मी सीताबर्डीला चष्म्याच्या दुकानात गेलो. त्यांनी अक्षरांचा तक्ता वाचायला लावला. मी शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचला. दुकानदार म्हणाला, "साहेब, डोळे एकदम फर्स्ट क्लास आहेत. चष्म्याची काही गरज नाही."

"तरी बनवून द्या," मी म्हणालो. "साध्या काचेचा."

तो माझ्याकडे बघतच राहिला, पण गिऱ्हाईक म्हणून काही बोलला नाही. सुताराची बदली होईपर्यंत, सहा वर्षं, मी तो चष्मा लावून ऑफिसात गेलो. कॅन्टीनमध्ये भेट झाली की तो आवर्जून विचारायचा, "आता बरं दिसते ना, भाऊ?"

मी म्हणायचो, "हो, आता स्पष्ट दिसतं."