घेवड्याच्या तीन कुंड्या

भिंगकाकाला आईवडिलांनी ठेवलेलं एक धड नाव होतं, पण ते कुणाला आठवत नसे. गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग, ते पानाखाली धरायचं, एक डोळा मिटायचा आणि कीड शोधत बसायचं, हा त्याचा उद्योग. ज्या घरांच्या बागा तो सांभाळायचा तिथल्या पोरांनी त्याला भिंगकाका म्हणायला सुरुवात केली आणि मग मोठ्यांनीही तेच उचललं.

त्याच्या स्वभावाला नावं ठेवण्याआधी एक ऐकून घ्या. एकवीस वर्षं हा माणूस काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात तपासनीस होता. समोरून पट्ट्यावर बाटल्या सरकायच्या, मागे लख्ख दिवा, आणि तडा गेलेली बाटली दिसली की उचलून बाजूला टाकायची. हजारातल्या नऊशे नव्व्याण्णव बाटल्या धड असत, पण पगार मिळायचा तो हजाराव्या बाटलीचा. एकवीस वर्षं असं बघितल्यावर तुमचे-आमचे डोळेही तसेच झाले असते. घरी पाण्याचा पेलासुद्धा तो उजेडात धरून बघायचा आणि मगच तोंडाला लावायचा. बायको म्हणायची, "लग्नाच्या वेळी मला दिव्यापुढे धरलं नाहीत, हे माझं नशीब!"

कारखाना बंद पडला तेव्हा बाल्कनीतल्या कुंड्यांनी त्याला तारलं. आधी शेजारणीचं अंगण, मग तिच्या भावाचं, असं करत पाच वर्षांत एकाच गल्लीतल्या सात बागा त्याच्याकडे आल्या. वाफे, रोपं, छाटणी, खत हे त्याचं. पायवाटा, दगडी कडा आणि हिरवळ हे साडूचं. साडू म्हणजे त्याच्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. मूळचा फरशी बसवणारा, हसरा, बडबड्या, जाता जाता गिऱ्हाइकाच्या पोराच्या सायकलची साखळी बसवून देणारा. साडू सगळ्यांना आवडायचा, आणि नेमकी हीच भिंगकाकाची पंचाईत होती. माणूस एवढा गोड बोलतो म्हणजे पोटात काहीतरी वेगळं असणारच, असं त्याला आपलं वाटायचं.

रोपवाटिकेत गेला की हा रोप कुंडीतून उपटून मुळं बघायचा. "काका, दातपण मोजा," असं रोपवाटिकावाला वैतागून म्हणायचा. गिऱ्हाइकांच्या अंगणातल्या नळांना याने कुलपं लावली होती. आणि खताचं तर विचारूच नका. गावाबाहेर घोड्यांचा एक मोठा तबेला होता. तिथली कुजलेली लीद म्हणजे काळं सोनं. ती घातली की गुलाब असे फुलायचे की लोक फाटकाशी थांबून बघायचे. पण ती येते कुठून याचा त्याने कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. बायकोला नाही, साडूला तर नाहीच नाही. भर दुपारी, तबेल्यातली माणसं जेवायला बसली की मागच्या दाराने जायचं, तिथल्या एका म्हाताऱ्या नोकराला हाताशी धरायचं, पोती उलटी करून भरायची म्हणजे वरची छापील नावं दिसायला नकोत. साडूला कळलं तर उद्या तोच लीद आणेल, परवा बागाही तोच घेईल, ही धास्ती.

तर त्या वर्षी हेडबाईंच्या बागेत ते झालं. हेडबाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. शाळा सुटली तरी गल्लीला शिस्त लावायचं काम त्यांनी सोडलं नव्हतं. एका सकाळी त्यांचा निरोप आला, ताबडतोब या.

भिंगकाका गेला आणि बघतच राहिला. टोमॅटोचे शेंडे आवळून मुठीसारखे झाले होते. घेवड्याची पानं कडेने आत वळून पेल्यासारखी झाली होती. गुलाबाची नवी फूट पिळून ठेवलेल्या फडक्यासारखी. त्याने भिंग लावलं. कोळी नाही, मावा नाही, कसलीच कीड नाही. मग त्याची नजर वाफ्याच्या कडेने गेलेल्या खडीच्या पायवाटेवर गेली. दर महिन्याला साडू तिथे पाठीवर पंप घेऊन तणनाशक फवारायचा.

त्याच्या मनात पाल चुकचुकली. खरं सांगायचं तर ती पाल पाच वर्षं तिथे मुक्कामालाच होती, त्या दिवशी फक्त मोठ्याने बोलली.

"कोणी केलं हे?" हेडबाईंनी चष्म्यावरून विचारलं.

भिंगकाकाने भिंग गळ्याशी सोडलं. हा क्षण त्याला पुढे जन्मभर आठवणार होता. तेव्हा तो म्हणू शकला असता, बघतो, तपासतो, आठ दिवस द्या. त्याचा धंदाच तपासण्याचा होता. पण उचलली जीभ लावली टाळ्याला.

"औषध फवारतो तो साडू," तो म्हणाला. "आणखी कोण?"

बस. हेडबाईंना सांगितलं म्हणजे गल्लीत दवंडी पिटल्यासारखंच. संध्याकाळपर्यंत सातही घरांना कळलं. कुणी म्हणालं निष्काळजीपणा, कुणी म्हणालं मुद्दाम केलं, भिंगकाकाचं काम बुडवून सगळ्या बागा स्वतः घ्यायला. ही मुद्दामची गोष्ट भिंगकाकाने काढली नव्हती, पण खोडूनही काढली नाही. ऐकायला बरी वाटली त्याला.

साडू दुसऱ्या दिवशी पाठीवर पंप घेऊनच घरी आला. नेहमीचं हसू नव्हतं.

"साडूभाऊ, तुम्ही म्हणालात असं?"

"म्हणालो. डोळ्यांनी बघितलं मी."

"काय बघितलंत? मला फवारताना? माझं औषध लागलं की पान पिवळं पडतं, जळतं. वळत नाही. आणि वाऱ्याने औषध उडालं असतं तर पायवाटेलगतची हिरवळ आधी जळाली असती. ती बघा जाऊन, जशीच्या तशी आहे. तुम्ही त्या वाफ्यात घातलंत काय ते सांगा आधी. खत कुठलं होतं?"

झालं! खताचं नाव काढल्याबरोबर भिंगकाकाच्या अंगाचा तिळपापड झाला. बघा, आलाच शेवटी मुद्द्यावर!

"माझ्या खताच्या वाटेला जायचं नाही. पंप ठेव आणि चालता हो."

साडूने पंप खाली ठेवला. दारात उभ्या असलेल्या मेहुणीकडे, म्हणजे भिंगकाकाच्या बायकोकडे, एकदा बघितलं आणि गेला. त्या दिवसापासून दोन्ही बहिणींचं फोनवरचं बोलणं बंद झालं. पंधरा दिवसांत साडूला गल्लीतच काय, आजूबाजूलाही कोणी उभं करेना. बाग मारणारा म्हणून नाव झालं त्याचं. शेवटी एका गोदामात खोकी चढवायच्या कामावर तो लागला.

"जोडी फोडलीत," बायको म्हणाली. "पुरावा तरी काय तुमच्याकडे?"

हा शब्द त्याला लागला. पुरावा! तपासनीस होता तो, पुराव्याशिवाय बाटली फेकली असं कोण म्हणेल? म्हणून त्याने बागवाल्यांची जुनी परीक्षा मांडली. मातीत विष आहे की नाही हे घेवड्याला विचारायचं. घेवडा फार नाजूक, विषाचा थेंब असला तरी पानं वाकडी करतो. त्याने तीन कुंड्या घेतल्या. पहिलीत साडूच्या पायवाटेखालची माती. दुसरीत हेडबाईंच्या वाफ्यातली. आणि तिसरीत बाल्कनीतली स्वतःची चांगली माती, वर स्वतःचं खत. ही तिसरी नुसती ताडून बघायला, निर्दोष म्हणून. प्रत्येकीत चार दाणे टोचले आणि बाल्कनीत ओळीने मांडल्या.

तीन आठवड्यांनी पहिल्या कुंडीतला घेवडा ताठ उभा होता, पानं तळहाताएवढी. दुसरीतला वळला होता. आणि तिसरीतला, निर्दोष, तो तर पार गोळा होऊन मातीला टेकला होता.

आता कुठलाही शहाणा माणूस इथे कपाळावर हात मारून घेईल. आमच्या भिंगकाकाने काय केलं असेल? त्याने बायकोकडे वळून बघितलं.

"कुंड्या कोणी बदलल्या?"

"काय?"

"बहिणीच्या नवऱ्याला वाचवायला पहिली तिसरीच्या जागी ठेवलीस तू."

 बायकोने हातातलं भांडं ओट्यावर ठेवलं, आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. तीस वर्षांच्या संसारात तिने त्याच्याशी भांडणं केली होती, टोमणे मारले होते, पण दार लावून घेतलं नव्हतं.

त्याने पुन्हा कुंड्या भरल्या. या वेळी तळाला खिळ्याने आकडे कोरले, कुंड्यांभोवती दोरा गुंडाळून गाठीवर मेण ओतलं, आणि तिन्ही खिडकीत आपल्या खाटेशेजारी ठेवल्या. कामावर जाताना खोलीला कुलूप. रोज येऊन आधी मेण बघायचा, मग घेवडा. घरात दोघं, आणि बोलायला कोणी नाही. बायको ताट वाढायची आणि जायची. मेण शाबूत राहिलं, दोरा शाबूत राहिला, आणि विसाव्या दिवशी तिसऱ्या कुंडीतला घेवडा पुन्हा गोळा झाला.

 आता संशय घ्यायला घरात एकच माणूस उरला होता.

दुसऱ्या दिवशी तो तबेल्यात गेला. म्हातारा नोकर सुट्टीवर होता, म्हणून नाइलाजाने पुढच्या फाटकाने जावं लागलं. फाटकावर दाराएवढी पाटी होती. इथल्या गवतावर तणनाशक मारलेलं आहे, लीद भाजीपाल्याला आणि फुलझाडांना घालू नये.

"कधीची आहे ही?" त्याने तबेल्याच्या व्यवस्थापकाला विचारलं.

"वर्ष होत आलं की. घोडा ते गवत खातो, त्याला काही होत नाही, पण औषध लिदीतून तसंच बाहेर पडतं. गवताला मारत नाही ते, रुंद पानाच्या झाडांना मारतं. येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही सांगतो." व्यवस्थापकाने त्याला खालीवर बघितलं. "तुम्ही कुठून नेत होता?"

"मागच्या दाराने," भिंगकाका म्हणाला. नव्या लिदीची पहिली खेप त्याने हेडबाईंच्याच वाफ्यात घातली होती, बाकी बागांत अजून जुनंच खत होतं. त्याला इतकी लाज वाटली की पोती तिथेच टाकून तो चालत सुटला.

मला हे कळलं तेव्हा त्याचा राग आला होता, आजही आहे. पण पुढे त्याने केलं ते सगळ्यांना जमत नाही. बायकोच्या बंद दारापुढे उभा राहून त्याने सगळं सांगितलं, माफी मागितली. दार उघडलं नाही. आतून एवढंच आलं, "मला काय सांगता? ज्यांना सांगायचं त्यांना सांगा."

वाकडा घेवडा असलेली तिसरी कुंडी उचलून तो हेडबाईंकडे गेला.

"बाई, चूक माझी होती. माझ्या खतात विष होतं. साडूचा काही दोष नाही."

हेडबाईंनी कुंडी बघितली, मग त्याच्याकडे. चेहरा एकदम मऊ झाला त्यांचा.

"घरी फार त्रास होतोय का हो? बायको बोलत नसेल."

"बोलत नाही, पण ते जाऊ दे. मी खरं सांगतोय."

"मी चाळीस वर्षं शाळेत काढलीत. धाकट्याने दगड मारला की थोरला येऊन म्हणतो, बाई मी मारला. तुम्ही मोठ्या मनाचे आहात, म्हणून घरच्या माणसाचं झाकताय. मला कळतं."

"अहो, ही कुंडी बघा ना! घेवडा बघा!"

"कुंडी भरली कोणी?" हेडबाईंनी शांतपणे विचारलं. "तुम्हीच ना?"

 दोन महिन्यांपूर्वी याच अंगणात, हातात काही नसताना, भिंगकाकाचं एक वाक्य बाईंना लगेच पटलं होतं. आज पुरावा हातात होता आणि पटत नव्हतं. तो ओरडला, अक्षरशः ओरडला, "मी चोर आहे म्हणतोय तर तुम्ही मला साधू काय करता!" बाईंनी त्याला पाणी आणून दिलं. पलीकडच्या घरीही तेच झालं. तिसऱ्या घरी तर त्यांनी त्याला जास्तीचं काम देऊ केलं, एवढा सज्जन माणूस म्हणून.

तिथून तो तडक गोदामात गेला. जेवणाची सुट्टी होती. साडू बाहेर कट्ट्यावर डबा उघडून बसला होता, हातांना खोक्यांच्या पट्ट्यांचे वळ उठले होते. भिंगकाकाने काही लपवलं नाही. लीद, मागचं दार, पाटी, कुंड्या, बायकोवर घेतलेला आळ, तीन घरं, सगळं. 

"लोकांना पटत नाहीये," भिंगकाका म्हणाला. "पण मी रोज जाऊन सांगेन. तू परत ये. गल्लीला दिसू दे आपण दोघं बरोबर आहोत ते. माझं चुकलं, फार चुकलं."

"मला इथे करमत नाही," साडू म्हणाला. "खोकी उचलून माणूस किती हसणार? मी आजच येतो, साडूभाऊ. फक्त एक सांगा. पुढच्या वर्षी पुन्हा एखाद्या बागेत पानं वळली, तर आधी कोणाकडे बघाल?"

भिंगकाकाला उत्तर तोंडपाठ होतं. स्वतःकडे, असं म्हणायचं होतं. साडूलाही तेच ऐकायचं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं त्याच्या. पण भिंगकाकाने मनातल्या मनात ती बाग उभी केली, ती वळलेली पानं उभी केली, आणि त्याची नजर कुठे गेली ते त्याला दिसलं.

"तुझ्याकडे," तो म्हणाला.

साडूने मान हलवली. डब्याचं झाकण लावलं, हात पुसले.

"खोटं बोलला असतात तर आलो असतो हो मी," तो म्हणाला, आणि घंटा झाली तसा आत गेला.