हॅमिल्टन ते नेपियर, सरळ रेषेत

देवव्रत सबनीस न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनला दूध पावडरच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचे. दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार मिळत असल्यामुळे स्वतःच्या चुका फुकटात काढणं त्यांना परवडत नसे.

मुलगी मैत्रेयी नवऱ्याबरोबर नेपियरला राहायची. तिचे दिवस भरत आले तसं देवव्रतांच्या पत्नी वासंतीबाईंनी गाडीत हवा भरून ठेवली. देवव्रतांनी मात्र फोनवर एक वेबसाइट उघडली. कुठलेही दोन विमानतळ सांगा, ती अंतर आणि वेळ सांगते.

"सव्वादोनशे किलोमीटर, चाळीस मिनिटं! आणि तू चार तास गाडी हाकणार?"

"पण तिथे थेट विमान जातं का?"

"अंतर तर थेट आहे ना!"

खरं म्हणजे वाटेतल्या टाउपो गावाच्या पुढे डोंगरातल्या वळणांवर लाकडांचे ट्रक पाठीमागे लागले की ते डोळे गच्च मिटून घ्यायचे. पण भीती कबूल करण्यापेक्षा भूमितीचा आधार घेणं अधिक प्रतिष्ठेचं.

एका सकाळी जावई शुभमचा फोन आला: कळा सुरू झाल्या. वासंतीबाई डिंकाचे लाडू घेऊन तडक निघाल्या. देवव्रत विमानतळावर गेले. तिकीट व्हाया वेलिंग्टन होतं, म्हणजे नाशिकहून पुण्याला जाताना वाटेत कोल्हापूर लागावं, तसं. त्यात हॅमिल्टनला धुकं. वेबसाइटला धुकं ठाऊक नव्हतं. धुकं विरलं, विमान उडालं, तर वेलिंग्टनला वारा. पुढचं विमान जागचं हलेना. आजोबा होऊ घातलेले गृहस्थ चीज भरलेली खारी पेस्ट्री खात खुर्चीत बसले.

तेवढ्यात वासंतीबाईंचा फोन. "कुठे आहात?"

"आलोच. हवेतून अंतर काहीच नाही."

"मग हवेत आहात का?"

"…खुर्चीत आहे."

"बरं. मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत."

देवव्रतांनी फोन खिशात ठेवला. डोळे भरून आले. शेजारच्या धिप्पाड माओरी माणसाने खांद्यावर हात ठेवला. "यू ओके, ब्रो?"

"ग्रँडडॅड," देवव्रत एवढंच म्हणाले.

"स्वीट अ‍ॅज!" म्हणजे तिकडचं 'झकास!', असं म्हणत त्या माणसाने त्यांना मिठीच मारली. वेलिंग्टनला वळसा घातल्याचा निव्वळ फायदा तेवढाच.

नेपियरशेजारच्या हेस्टिंग्जच्या हॉस्पिटलात ते पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. मैत्रेयीने एक डोळा उघडला. "डॅड, माय लेबर वॉज शॉर्टर."

यावरही देवव्रतांकडे उत्तर होतं: धुकं, वारा, विमान कंपनी. पण वासंतीबाईंनी बाळ हातात दिलं आणि उत्तर राहून गेलं.

"परतीचं विमान परवाचं ना?" वासंतीबाईंनी गोड आवाजात विचारलं.

"रद्द करतो. गाडीनेच येईन. त्या वळणांची मला भीती वाटते, वासंती."

"ठाऊक आहे. म्हणून तर मी गाडी हळू चालवते."

देवव्रत काही बोलणार, इतक्यात नात कुरकुरली. ते उठले आणि तिला घेऊन खिडकीपासून दारापर्यंत चकरा मारू लागले. ती झोपल्यावरही ते थांबले नाहीत. शुभमने खुर्ची पुढे केली, तर मानेनेच नको म्हणाले.