सलीमभाईंनी अंगावर घेतलेली चूक

सलीमभाई गेल्याचं त्यांच्या पत्नीनं, भाभींनी, फोनवर सांगितलं तेव्हा मी नोएडाच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होते. "गेले ग," एवढंच म्हणाल्या. मीटिंग संपेपर्यंत मी तशीच बसून राहिले.

सलीम मुजावर, मूळचे मिरजेचे, माझे सीनियर. इस्पितळात शिरेतून औषध देणाऱ्या पंपांची ऑपरेटिंग सिस्टीम आम्ही बनवायचो. प्रोग्राम चालताना लागणारी तात्पुरती माहिती मेमरीत जिथे असते, तो स्टॅक. तिथे जागेपेक्षा जास्त मजकूर भरला की तो शेजारच्या माहितीवर सांडतो, आणि कुणी ठरवून सांडवला तर पंपाचा ताबाच घेऊ शकतो. म्हणून सलीमभाईंनी मध्ये एक गुप्त आकडा ठेवायला लावला होता. तो बदललेला दिसला की प्रोग्राम तिथल्या तिथे थांबायचा.

एका इस्पितळात पंप वरचेवर थांबू लागले. आमचे साहेब वैतागले, "यार सलीम, ये चेक बंद करो." सलीमभाई आवाज न चढवता म्हणाले, "सर, फिर पंप रुकेगा नहीं, गलत डोस देगा." तीन दिवस खपून त्यांनी चूक शोधली. पेशंटचं नाव, ते किती लांब आहे हे न बघताच, स्टॅकवर उतरवलं जात होतं. तो कोड माझा होता. रिपोर्टमध्ये मात्र त्यांनी लिहिलं, "कोड तपासायची जबाबदारी माझी होती, चूक माझी." त्यांचं प्रमोशन गेलं. मी नवीन होते, घाबरले, गप्प बसले. पुढे बोलायचं राहतच गेलं... नऊ वर्षं.

परवा दिल्लीत आर. के. पुरमला भाभींच्या सरकारी क्वार्टरवर गेले आणि सगळं सांगून टाकलं. भाभी म्हणाल्या, "तेव्हा महिनाभर भांडले ग मी त्यांच्याशी. म्हटलं, एवढी मोठी चूक केलीतच कशी? नुसतं ऐकून घ्यायचे."

मला मान वर करवेना. तेवढ्यात आतल्या खोलीत सलीमभाईंचा मोबाइल वाजला, त्यांच्या दुपारच्या गोळीची आठवण द्यायला. भाभी उठल्या, गजर बंद केला आणि मोबाइल पुन्हा चार्जिंगला लावून आल्या.